रोझलिनची फुंकर

गॅरेजच्या दाराला कान लावून उभं राहायचं वँडाचं वय नव्हतं. तरी ती उभी होती, हातात पेटती सिगरेट आणि पायात नवऱ्याच्याच ढगळ सपाता.

आत रसेल फोनवर होता. बोलत नव्हता, नुसता श्वास घेत होता. लांब आत, त्याहून लांब बाहेर. मग तो हलकेच हसला.

"अजून एकदा, रोझलिन. आता बरं वाटतंय."

वँडाच्या अंगाचा तिळपापड झाला.

एप्रिलमध्ये रसेलच्या खोकल्यातून रक्त पडलं, डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला, आणि तेव्हापासून हे नाव घरात शिरलं होतं. चर्चच्या तळघरात सिगरेट सोडणाऱ्यांचा गट जमायचा. तिथे चिठ्ठी काढून प्रत्येकाला एक जोडीदार देत. तलफ आली की पाकिटाला हात लावायचा नाही, जोडीदाराला फोन करायचा. वँडाने त्या तळघरात पाऊल टाकायला साफ नकार दिला होता. "तुझी छाती, तू बघ," असं तिनेच ठणकावलं होतं.

आता जेवण झालं की ती मागच्या पायरीवर एकटीच धूर सोडत बसे. हॅमिल्टन शहरात तळ्यावरून वारा सुटला की तिची काडी विझू नये म्हणून जो माणूस इतकी वर्षं ओंजळ धरत आला, तो गॅरेजात बसून दुसरीला उसासे ऐकवत होता. सिगरेट सोडली म्हणे! सोडलं होतं ते तिला.

तिने दार ढकललं. रसेल उपड्या बादलीवर बसला होता, फोन कानाला, ओठ शिट्टी वाजवताना करतात तसे.

"चालू दे, चालू दे," वँडा म्हणाली. "माझ्याशी दोन शब्द बोलायला दम नाही, आणि तिच्यासाठी भाता चालवतोयस."

"अगं, तलफ आली होती. ती श्वास घ्यायला शिकवतेय मला."

"श्वास? तो तर जन्मल्यापासून येतो तुला!"

"येत होता," रसेल म्हणाला.

वँडाने त्याच्या हातातून फोन हिसकावला. "हे बघ बाई, तू कोण कुठली ते मला..."

पलीकडून आधी कसलीशी घरघर ऐकू आली, मग बारीक शीळ घालणारा श्वास. मग शब्द आले, दोन-दोन करून, मध्ये थांबत.

"वँडा ना तू? तो... तुझंच बोलतो. म्हणतो... ती बाहेर... एकटी बसते."

लाल ओठांची, केस सेट केलेली एक रोझलिन वँडाने मनात केव्हाच उभी केली होती. हा आवाज तिचा नव्हता. हा आवाज दमून गेलेल्या म्हातारीचा होता.

"मागे कसली घरघर आहे?" तिने विचारलं.

"ऑक्सिजनचं यंत्र. माझा... नवा नवरा. झोपेतही... सोडत नाही. सिगरेट सोडायला... उशीर केला मी."

राग जायला हवा होता, पण गेला नाही. उलट आणखी आत टोचला. बायको एकटी बसते हे या माणसाला कळत होतं, आणि ते त्याने सांगितलं कुणाला?

"मला का नाही बोललास?" ती रसेलवर ओरडली.

"तुझ्याजवळ बसलो तर मीही पेटवीन, वँडा. मला भीती वाटते."

फोनमधून पुन्हा शीळ आली. "भांडण... नंतर करा. पोरी... आलीच आहेस तर... एक फुंकर घाल. समोर मेणबत्ती आहे समज. ज्योत हलवायची... विझवायची नाही. माझ्याबरोबर."

यंत्राला बांधलेल्या या म्हातारीकडून हार खाणार? वँडाने छाती भरून घेतली, ओठ आवळले आणि फुंकर घातली.

ती अर्ध्यातच तुटली. खोकल्याची उबळ अशी आली की वँडा दुमडली. रसेल धावून तिची पाठ चोळू लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कानाला लागलेल्या फोनमध्ये ती दुसरी फुंकर अजून चालूच होती. बारीक, संथ, घरघरीच्याही वरून.

वँडाने डोळे पुसले. हातातली सिगरेट जमिनीवर टाकून सपातेखाली चिरडली.

"परत," ती फोनमध्ये म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि तू ऊठ त्या बादलीवरून. उद्यापासून हिला फोन मी लावणार. तू बाजूला बसून ऐक."