व्हेरोंदीचा जामीन

"जामीन कोण राहणार?" सिन्योरा देलियाने विचारलं आणि नेव्हिओ बार्बोलिनीला घाम फुटला.

पैशांची तयारी करून तो आला होता. पण मोदेनाच्या व्हेरोंदी कारखान्यात नुसत्या पैशाला कोणी विचारत नसे. तिथे गाडी विकत मिळत नव्हती, दिली जायची. आणि कुणाला द्यायची ते देलिया ठरवायची. नव्या गिऱ्हाइकासाठी जुन्या गिऱ्हाइकाने जामीन राहायचं, असा तिथला रिवाज होता.

"मी राहतो," मागून आवाज आला.

नेव्हिओने वळून पाहिलं. लेआर्को मोन्तोर्सी. आपली जुनी करडी व्हेरोंदी तपासायला घेऊन आला होता. सगळं जग सोडून नेमका हाच.

एके काळी सास्सुओलोत एकाच रस्त्यावर दोघांच्या फरश्यांच्या भट्ट्या होत्या. लेआर्कोच्या फरश्या थंडीत तडकतात, अशी आवई नेव्हिओने बोलोन्याच्या प्रदर्शनात उठवली. धडधडीत खोटी. वर्षभरात लेआर्कोची भट्टी विझली. त्याचा म्हातारा बाप तरीही रोज त्या थंड भट्टीपुढे खुर्ची टाकून बसायचा. त्याच हिवाळ्यात तो गेला. पुढे लेआर्कोने मालट्रक घेतले, बक्कळ पैसा केला, पण नेव्हिओशी एक शब्द बोलला नव्हता.

"नियम माहीत आहे ना?" देलिया म्हणाली. "आम्हाला न विचारता एकाने जरी गाडी विकली, तरी दोघांचीही नावं कायमची कटतात. मग नवी गाडी नाही, जुनीला साधा स्क्रूसुद्धा नाही. विनवण्या करायला येऊ नका."

"माहीत आहे," लेआर्को म्हणाला. त्याने नेव्हिओच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलंस ना? माझी मान तुझ्या हातात देतोय."

"पण लेआर्को, ते जुनं..."

"बाप गेला माझा. आता तूही गेलास, तर भांडायलाही कोणी उरायचं नाही मला."

घरी ओरिएल्ला तोर्तेलिनीसाठी रस्सा उकळत होती. नवऱ्याचं सगळं ऐकून घेऊन तिने झाकण ठेवलं.

"त्याच्या बापाच्या मातीला गेला होतास?"

"नाही."

"मग तो कशाला तुझ्या वरातीत नाचतोय?"

"मनाने मोठा आहे तो."

"मनाने मोठी माणसं तुझ्याशी कशाला बोलायला येतील?"

नेव्हिओ हसला. मनातून त्याला वाटत होतं की लेआर्को पहिल्यापासूनच भोळसट, म्हणून तर तेव्हा इतक्या सहज बुडाला.

गाडीची हौस हे निमित्त होतं. नेव्हिओची भट्टी आता अर्धीच पेटत होती. झुरिचचा ह्युर्लिमान हॉटेलं बांधायचा आणि फरश्यांचं काम फक्त आपल्यातल्या माणसाला द्यायचा. आपल्यातला म्हणजे ज्याला व्हेरोंदीची वर्धापनदिनाची खास गाडी मिळाली तो. तशा तीसच गाड्या निघणार होत्या. ह्युर्लिमानने नेव्हिओला सरळ सांगितलं होतं, "गाडी मिळाली की त्याच दुपारी जेवणाच्या टेबलावर सही करतो." ते काम मिळालं तर भट्टी वाचणार होती. नाही तर बँक टपूनच बसली होती.

देलियाला मात्र आधी निष्ठा पाहायची होती. आणि निष्ठा म्हणजे काय, तर कुणी ढुंकून पाहत नाही त्या गाड्या मुकाट्याने घ्यायच्या. नेव्हिओने आधी एक चार माणसांची अवजड गाडी घेतली. मग मोहरीच्या रंगाची घेतली, जिच्याकडे पाहून शेजारची पोरं हसायची. आणखी दोन घेताना भट्टी गहाण पडली.

"पुरे आता," तो एकदा लेआर्कोला म्हणाला. "एक गुपचूप विकतो. कोणाला कळतंय?"

लेआर्को तेव्हा आपली करडी गाडी पुसत होता. त्याला बायको नाही, मूल नाही. ती गाडीच त्याचा जीव. दुसऱ्या कुणाला तो दारसुद्धा उघडू देत नसे.

"देलियाला कळेल," तो म्हणाला. "आणि मग कारखाना हिला हात लावणार नाही. ही दारात गंजत पडेल ते मला बघायला लावू नकोस, नेव्हिओ. दुसरं काहीही वीक."

नेव्हिओने रिमिनीचं समुद्राकाठचं घर विकलं. ते ओरिएल्लाच्या माहेरचं होतं. ती बहिणीकडे राहायला गेली.

आणि अखेर देलियाचा फोन आला. तिसांत त्याचं नाव लागलं होतं.

वर्धापनाच्या दिवशी नेव्हिओ नवा सूट घालून सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचला. दालनात तीस गाड्या झाकून ठेवल्या होत्या. ग्लासांत लाम्ब्रुस्को वाइन ओतली जात होती. ह्युर्लिमानने लांबूनच कोटाचा खिसा थोपटून दाखवला. करार तिथेच होता. लेआर्को कुठे दिसत नव्हता. आला की आज त्याला मिठी मारायची, असं नेव्हिओने ठरवून टाकलं होतं. इतक्या वर्षांनी त्याला त्या माणसाबद्दल खरोखर माया वाटत होती.

एकेकाचं नाव पुकारलं जाऊ लागलं. टाळ्या, फोटो, पुन्हा टाळ्या. एकोणतीस नावं झाली आणि पुकारणारा थांबला. देलियाने नेव्हिओचा दंड धरून त्याला खांबाआड नेलं.

"तुमचं नाव कटलं, साहेब. तुमची गाडी दुसऱ्याला दिली."

नेव्हिओला आधी काही समजेचना. तिच्या खांद्यावरून त्याला ह्युर्लिमान दिसत होता, घड्याळ पाहत असलेला.

"मी काही विकलेलं नाही," तो म्हणाला. "भट्टी घालवली, घर घालवलं, बायको घालवली. पण गाडीला हात लावला नाही. चला माझ्याबरोबर, चारही दारात उभ्या आहेत."

"तुम्ही नाही हो विकली," देलिया म्हणाली. असला प्रकार तिनेही कधी पाहिला नव्हता. "लेआर्कोंनी त्यांची विकली, आज सकाळी. समोरच्या बारवाल्याला, एका कॉफीच्या बदल्यात."