खटका

जावईबापूंनी खिशातून ते मल्टी-टूल काढलं आणि सासरेबुवांच्या तोंडचं पाणी पळालं.

लष्करी हिरव्या मुठीचं, पक्कड, करवत, पातं सगळं एकात असलेलं ते हत्यार सासरेबुवांच्याच कारखान्यातलं होतं. ते बनवणं बंद करून बारा वर्षं झाली होती. जावईबापूंनी ते जुन्या बाजारातून हुडकून आणलं होतं आणि आता टेबलावर जाड केबल सोलायला घेतली होती. ते वायरमन होते. दहा बोटांवर लेकीचा संसार चालला होता.

हात चालवता चालवता, जुन्या बाजारातले लोक या हत्याराबद्दल काय बोलतात, ते जावईबापू सांगत होते. कुणी म्हणे, असं पोलाद पुन्हा होणे नाही. कुणी म्हणे, जरा जड आहे, पण फौजेतल्यापेक्षा सरस. बनवणाऱ्यानं ते बंद का केलं, यावर तर लोक हमरीतुमरीवर येत.

"मी ठणकावून सांगतो, पोलाद महागलं म्हणून. माझे सासरे खराब माल गळ्यात मारणाऱ्यातले नव्हेत."

सासरेबुवांनी मान डोलावली. घरात त्यांनी सगळ्यांना तेच सांगितलं होतं. डाव्या हाताचं अर्धं बोट लेथमध्ये गेलं, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

जावईबापूंनी पातं उघडलं. टक्. सासरेबुवा कान देऊन बसले. खटका दोनदा वाजला तरच पातं पक्कं बसतं, ही रचना त्यांचीच. दुसरा आवाज आला नाही.

आतली स्प्रिंग दगा देते आणि पातं अचानक मिटतं हे कळलं, तेव्हा माल विकून झाला होता. एकही नग त्यांनी परत मागवला नव्हता. आता बोलावं, तर जन्मभराची अब्रू जाणार होती. जावयाची चार बोटं मात्र बरोबर पात्याच्या वाटेत होती.

पातं केबलमध्ये रुतलं. ते वर उचकटायला जावईबापू उभे राहिले.

"थांबा." सासरेबुवांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "उघडताना खटका किती वेळा वाजला?"

"एकदा. का हो, बाबा?"

सासरेबुवांनी डावा हात टेबलावर ठेवला. अर्धं बोट पुढे केलं.

"त्या दिवशी माझाही एकदाच वाजला होता."