हाताचा गुण

पिल्लू तोंड उघडेना. रतननं कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून त्याच्या ओठांना लावली, तर दूध हनुवटीवरून ओघळून तिच्याच मनगटावर आलं. मग तिनं करंगळी दुधात भिजवली आणि हळूच त्याच्या तोंडात सारली. आत नुसता गारठा. थोड्या वेळानं जीभ हलली. पिल्लानं करंगळी ओढली.

"वढतंय!" रतन स्वतःशीच म्हणाली.

त्याची आई कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या गाडीखाली सापडली होती. बाकीची पिल्लं थंडीनं गेली. उरलं ते हे, मूठभर, मिटल्या डोळ्यांचं, सगळ्यांत खुरटं.

"वन्सं, ते दूध लेकरांचं हाय," दारातून साखरबाई, तिची भावजय म्हणाली. "मरायला टेकलेल्या कुत्र्याच्या नरड्यात कशाला वतताय?"

रतननं वाटी पदराआड घेतली. नवरा गेल्यापासून ती अंथुर्ण्याला भावाच्या घरी राहत होती, आणि या घरात तिनं आपल्या तोंडानं चहाचा घोटसुद्धा कधी मागितला नव्हता.

तेवढ्यात महिपती मेंढरांकडून आला. हाच तिचा थोरला भाऊ. खांद्यावरची काठी भिंतीला टेकवून तो पिल्लापुढं उकिडवा बसला, अंगठ्यानं त्याचं पोट चाचपलं. आता हा ते उचलून उकिरड्यावर भिरकावणार, म्हणून रतन श्वास रोखून बसली.

"जगंल का?" त्यानं विचारलं.

"जगंल, दादा. वढाय लागलंय."

"मग पाज." आणि दाराकडं बघून म्हणाला, "हिला रोज वाटीभर दूध देत जा. माझ्या वाटणीचं दे."

साखरबाई बघतच राहिली. रतननं मान खाली घातली, ती डोळे भरलेले दिसू नयेत म्हणून.

ती पिल्लाला पोटाशी धरून निजे. चुलीजवळ लोकरीच्या पुंजक्यात ठेवी, पाजून झालं की ओल्या फडक्यानं त्याचं पोट पुशी. एकदा ते पार थंड पडलं, तेव्हा त्याच्या तोंडाला तोंड लावून तिनं फुंकर घातली. महिपती येता-जाता चौकशी करायचा. डोळं उघडलं का? आवाज काढतंय का? रतन जेवली का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. पण पिल्लाचं विचारायचा, आणि रतनला तेवढंही खूप होतं. पिल्लू आता रांगत होतं. तिचं बोट तोंडातून निघालं, की असं केकाटायचं की विहिरीवरच्या बायका वळून बघायच्या.

"घसा झकास हाय गड्याचा," महिपती हसून म्हणाला. घरात हसू तसं कमीच होतं. माळावरचा लांडगा मेंढरांच्या वाडग्यात शिरून कोकरं उचलत होता, आणि महिपती दिवसभर त्याच्याच नावानं शिव्या घालत फिरत होता.

एके दिवशी रतन ओढ्यावरून धुणं घेऊन आली, तर लोकरीचा पुंजका रिकामा.

"माळावर नेलंय," साखरबाई म्हणाली. "तुमालाबी बोलावलंय. लवकर जावा, दिवस कलतोय."

माळावर खोल खड्डा खणला होता. त्यावर काटक्या आणि गवत पसरलं होतं. मधोमध जाड मेढ उभी, तिच्यावर टोपलं बांधलेलं, आणि टोपल्यात पिल्लू. काठापासून मेढीपर्यंत एक फळी टाकली होती. शेजारचा सावळाराम हातात पहार घेऊन उभा होता.

"दादा, हे काय?"

"लांडग्यासाठी. गेल्या साली कोकरू बांधलं, तर ते घिऊन लांडगा पळाला. आता परत कोकरू कोन घालवतंय?"

"मी पाजलंय त्याला."

"म्हणून तर! मेलेल्या पिल्लाचा काय उपेग? पर हितं आणल्यापासनं हूं न्हाय की चूं न्हाय. भ्यालंय. तू जा, बोट दे त्येला आन् काढून घे. मग बघ कसं वरडतंय."

"नको, दादा."

महिपतीचा आवाज चढला नाही. "रतन, तुझ्या ताटात भाकरी कुठनं येती? ह्या मेंढरांवरच न्हवं?"

रतन फळीवरून गेली. पिल्लाला तिचा वास लागला. नुकत्याच उघडलेल्या निळसर डोळ्यांनी तिच्याकडं बघत त्यानं मान वर केली आणि तिची कोरडी करंगळी तोंडात घेतली. त्याचं थरथरणं थांबलं.

"बास, या माघारी," सावळाराम म्हणाला.

तिनं बोट ओढलं. पिल्लू सोडेना. त्याला दात फुटायला लागले होते. तिला दुसऱ्यांदा, जोरानं ओढावं लागलं. ती काठावर येईपर्यंत माळ केकाटण्यानं भरून गेला.

"आत्ता कसं!" महिपतीनं फळी ओढून घेतली. "सावळाराम, आमच्या रतनच्या हाताला गुण हाय बघ. दुसऱ्या कुणाच्यानं ते जगलं नसतं."

दिवेलागणीला साखरबाई भाकरी थापत होती. वाऱ्यावर तो आवाज चुलीपर्यंत येत होता.

"चांगलं वरडतंय की," ती म्हणाली.

आवाज तुटला. साखरबाईचा हात परातीत थांबला. मग माळावरून गडी ओरडले, "पडला! पडला!"

साखरबाईनं पिठाच्या हातांनीच बिरोबाला हात जोडले. गरम भाकरी रतनपुढं ठेवली, तिच्यावर लोण्याचा गोळा टाकला.

"खावा वन्सं. आजचा मान तुमचा."

रतनच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. ती खाली बघून जेवली, आणि साखरबाईनं विचारलं तेव्हा आणखी अर्धी भाकरी घेतली.