सगळ्यांचा उपवास

माझ्या लेकीने, रेवाने, डबा उघडला. आत काळपट लाडू, प्रत्येकावर तिच्या बोटांचे ठसे.

‘पाककलेच्या वर्गात केले. गॅसशिवाय, दहा मिनिटांत!’

मी लाडू हुंगला. आईने तो उजेडात धरला. ‘काय घातलंयस गं यात?’

‘आधी खा, मग सांगते.’

माझा संशय पक्का झाला.

‘अगं, आज माझा गुरुवार,’ बायको चटकन म्हणाली. ‘माझाही,’ आई म्हणाली. मीही घाईघाईने मान डोलावली.

रेवा हसली नाही. ‘शनिवारी सँडविच केलं, तेव्हाही तुमचा उपवास होता. मंगळवारी भेळ केली, तेव्हाही. म्हणून आज बाईंकडून मुद्दाम खजूर घालून राजगिऱ्याचे लाडू शिकले. उपवासाला चालतात.’

मग ती समोर बसली, आम्ही गिळतोय की नाही ते बघत.