मूळ मापाप्रमाणे

सायलेन्सरच्या बेंड पाईपचं तोंड इंजिनात शिरेना. लाईनमनने तो तिसऱ्यांदा काढला, कानशीने घासला, पुन्हा लावून बघितला. आता तोंड शिरलं, पण दुसरं टोक फूटरेस्टला जाऊन भिडलं.

खोक्यावर ठसठशीत छापलं होतं, ‘मूळ मापाप्रमाणे’. कुणाच्या, ते छापलं नव्हतं.

एवढ्या जुन्या मोटरसायकलचे भाग आता कंपनी बनवत नाही. कुणीतरी, कुठेतरी, फोटोकडे बघून नकला पाडतं आणि पार्सलने पाठवतं. दोन महिने वाट बघितल्यावर हे खोकं आलं होतं. उघडल्या उघडल्या क्रोमचा एक पापुद्रा त्याच्या बोटाला चिकटून निघाला.

वरची खिडकी उघडली. बायको बाहेर डोकावली.

“अहो, अजून किती वेळ ही ठोकाठोक?”

“झालंच.”

“सकाळपासून झालंच म्हणताय.”

“मालच भिकार आहे, मी काय करू?”

“मग चांगला आणायचा.”

खिडकी बंद झाली. सहा महिने ती त्याच्याशी एवढंच बोलत होती, कामापुरतं. त्याने पाना उचलला आणि पुन्हा नटाशी झोंबू लागला.

थोड्या वेळाने लेक खाली आली.

“आईची बॅग भरली, बाबा. उद्या सकाळी आठला गाडी सांगितलीय.”

“तिने थांबायचं ठरवलं तर?”

“बाबा, आपलं बोलणं झालंय. माझ्याकडे तिला बरं पडेल. तुम्हालाही झेपत नाही आता.”

“एकदा तिला तो आवाज ऐकू दे. त्यानंतर काय ते तुम्ही ठरवा, मी मध्ये येणार नाही.”

“एका सायलेन्सरने काय होणार आहे?”

“ते तुझ्या आईचं आणि माझं आहे.”

तीस वर्षं विजेच्या तारा ओढून तो संध्याकाळी सहाला याच गाडीवरून घरी यायचा. वळणावर धडधड ऐकू आली की ती चहाला आधण ठेवायची. तो जिना चढून येईपर्यंत कप समोर. कधी चुकलं नाही. पुढे सायलेन्सर गंजून फुटला. त्याने तो भंगारात दिला आणि बाजारात मिळाला तो बसवला. तेव्हापासून गाडी सर्दी झाल्यासारखी वाजायची. नोकरी संपल्यावर तिच्यावर ताडपत्रीच पडली. जुना सायलेन्सर भंगारात दिला याचं आता त्याला रोज वाईट वाटायचं.

त्याने पाईप आणि सायलेन्सर काखेत मारले आणि लेथवाल्याकडे निघाला.

“जिन्याचं दार ओढून घ्या, बाबा,” लेकीने वरून सांगितलं.

लेथवाल्याने पाईप डोळ्याशी धरून बघितला.

“हा गाडीचा नाही रे, मोरीचा आहे.”

“थट्टा नको. सहाच्या आत पाहिजे.”

“वहिनी थांबतील एवढ्याने?”

“तू तापव आधी.”

लेथवाल्याने पाईप लाल होईपर्यंत तापवला आणि दोघांनी मिळून त्याला वळण दिलं. सायलेन्सरचं भोक ब्रॅकेटपासून बोटभर लांब होतं, ते नवीन पाडलं. मग लाईनमनने सायलेन्सर कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ वाजलं. कापून बघितलं तर आतली नळी म्हणजे गुंडाळलेला पत्रा, तोही एका ठिपक्यावर चिकटवलेला.

“लोकांना लाज नाही,” लेथवाला म्हणाला. “जुन्यात कसं होतं, आठवतंय?”

“भोकांच्या चार ओळी. शेवटची ओळ काजळीने बुजलेली.”

“मग तीनच पाडतो.”

“नाही. चार पाड आणि शेवटची बुजव.”

“एवढं कोण ऐकतं?”

“ती ऐकते.”

लेथवाल्याने दुसरी नळी घेतली, चार ओळी पाडून एक बुजवली आणि कापलेला सायलेन्सर पुन्हा जोडला. पैसे विचारले तर म्हणाला, “चल, नीघ.”

साडेपाचला सगळं गाडीवर चढलं. क्लॅम्पच्या बोल्टचे आटे पहिल्याच पिळात गेले. लाईनमनने खोकं पाठवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि खांबावर देतात तसा तारेचा पीळ देऊन क्लॅम्प आवळला. किक मारली. गाडी खोकली. दुसऱ्या किकेला जोडातून धूर आला. त्याने पीळ आणखी दोन वेढे आवळला. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली आणि तो तसाच उभा राहिला. तोच आवाज होता, आतून येणारा, जरा घोगरा.

तो गाडी घेऊन पार लांबच्या चौकापर्यंत गेला. तिथे घड्याळ बघत थांबला. सहाला दोन मिनिटं असताना वळला आणि नेहमीच्या वेगाने, नेहमीसारखा वळणावर गिअर उतरवत घरी आला.

जिन्याच्या वरच्या पायरीवर लेक उभी होती. तिचे डोळे भरले होते.

“बाबा, आई उठली. वळणावर आवाज आला आणि स्वतःहून स्वयंपाकघरात गेली. आधण ठेव म्हणून कुणी सांगितलं नाही तिला.”

“मग उद्याची गाडी?”

“नको म्हणून सांगते,” लेक म्हणाली. “तुमचंच खरं.”

तो काळ्या हातांनीच आत गेला. तिने केस विंचरले होते. टेबलावर वाफाळता कप होता. त्याला बघून ती हसली. सहा महिन्यांत ती अशी हसली नव्हती. त्याने खुर्ची ओढली आणि कपाकडे हात नेला.

तिने कप हळूच बाजूला घेतला आणि त्यावर बशी झाकली.

“तुमच्यासाठी दुसरा करते, मिस्त्री. बसा ना,” त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत ती म्हणाली. “हे आत्ताच आले, खाली गाडी लावताहेत. वर आले की तुमची ओळख करून देते.”