घरचा ऐकणारा

"शेवटचा शब्द गिळलास, बाईसाहेब. पुन्हा."

छोटीने नाक फेंदारलं, पुस्तक जवळ ओढलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "बदकाचे... घ... घ..." ती अडली आणि छताकडे बघू लागली.

"घर," आजोबा म्हणाले. आवाजात वैताग नव्हता. उलट ती अडली की त्यांना बरंच वाटायचं.

छोटी वरच्या मजल्यावर राहायची. तिची आई इस्पितळात नर्स होती, ती संध्याकाळी यायची. छोटीच्या बालवर्गाचा नियम साधा होता. ज्यांचं वाचन कच्चं, त्यांनी शाळा सुटताच घरी जायचं आणि कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचं. ज्यांचं पक्कं, त्यांनी आईवडील न्यायला येईपर्यंत मैदानात हुंदडायचं. आणि वाचन पक्कं झालं की नाही, हे सांगायचं घरच्या ऐकणाऱ्याने. छोटीचे ऐकणारे म्हणजे हे खालच्या मजल्यावरचे आजोबा. नात्याचे नव्हेत, शेजारचे. शाळेतून तिला घेऊन यायचे तेही तेच.

आजोबांनी उभा जन्म बसस्थानकावर घोषणा देण्यात घालवला होता. त्यांच्या आवाजासरशी माणसं बोचकी उचलून धावायची, पण आवाजामागचा माणूस कुणी पाहिला नव्हता. मग यंत्रातला आवाज आला आणि ते घरी बसले. पुढे बायको गेली. मुलगा दूरदेशी. रविवारी फोन करून विचारायचा, "तब्येत कशी? बाकी काय?" बाकी काहीच नसायचं. घर खायला उठायचं. एखादा दिवस तर असा जायचा, की सकाळी दूधवाल्याला "एक पिशवी" म्हटलं तेवढंच. त्यानंतर आवाजाला कामच नाही.

छोटी यायला लागली आणि संध्याकाळ कशी सरते ते कळेनासं झालं. सुरुवातीला त्यांनी अगदी मनापासून शिकवलं. पण पोरगी भराभर शिकू लागली तशी त्यांना धास्ती वाटू लागली. ही एकदा पक्की झाली की मैदानातच राहणार, इकडे कशाला फिरकेल! मग ते खुसपटं काढू लागले. श्वास चुकीच्या जागी घेतलास. पूर्णविरामाला थांबली नाहीस. एवढ्या घाईने बोललीस तर लोकांची गाडी चुकेल, बाईसाहेब! छोटी खिदळायची आणि पान पुन्हा वाचायची. तीही गमतीचीच होती. साबणाच्या वेष्टनावरचं 'सुगंधी' फाडकन वाचायची आणि साध्या 'घर'पाशी अडून बसायची. आजोबांच्या ते लक्षात आलं होतं. पण अडतेय तर अडू दे म्हणून त्यांनी सोयीस्कर काणाडोळा केला.

शाळेचं मैदान गल्लीच्या पलीकडेच होतं. पोरांचा गलका थेट खोलीत यायचा. आवाजाने वाचनात लक्ष लागत नाही, असं म्हणून आजोबा रोज खिडकी लावून घ्यायचे.

आज ते खिडकी लावायला उठले, तर छोटी आधीच तिथे टाचा उंच करून उभी होती.

"ती माझी मैत्रीण," ती झोपाळ्याकडे बोट करून म्हणाली. "तिला आता उभं राहून झोका घेता येतो."

एवढंच बोलली. हट्ट नाही, तक्रार नाही. मुकाट्याने परत येऊन पुस्तक उघडून बसली. आजोबांना स्वतःची लाज वाटली. एवढ्याशा जिवाचं खेळणं आपण हिरावून घेतोय, तेही केवळ आपल्याला करमत नाही म्हणून. त्यांनी खिडकी उघडीच ठेवली. त्यानंतर छोटीने दोनदा चुकीचं वाचलं, पण त्यांचं लक्षच नव्हतं.

संध्याकाळी आई दारात आली. "काका, आज शाळेतल्या बाई मला..."

"थांब. आधी माझं ऐक." आजोबांनी घसा खाकरला. भर गर्दीच्या दिवसांतही कधी न अडखळलेला माणूस आज अडखळला. "हिचं वाचन पक्कं झालंय. कधीचंच. मीच सांगितलं नाही. मला... सोबत हवी होती. उद्यापासून हिला मैदानातच थांबू दे."

हातातली पिशवी खाली ठेवून आई समोरच्या खुर्चीत टेकली.

"बाई मला तेच विचारत होत्या, काका. वर्गात ही सगळ्या पोरांना गोष्टी वाचून दाखवते म्हणे. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' अशी सुरुवात करून! बाईंनी सांगितलं, तू मैदानात थांब, मी घरी विचारते. तर ही म्हणाली, नको, घरी मला वाचता येत नाही."

दोघंही छोटीकडे वळले. छोटीने पुस्तक तोंडासमोर धरलं.

"अगं, मग आजोबांसमोर का अडतेस?" आईने विचारलं.

पुस्तक हळूच खाली आलं. आजोबांना ऐकू जाऊ नये म्हणून छोटी आईच्या कानाला लागली. पण तिला अजून कुजबुजायला जमत नव्हतं.

"मला एकटीला वाचता येतं गं. आजोबांना अजून एकटं बसता येत नाही."