डावीकडची चौकट

विद्यापीठाचे ऑनलाइन वर्ग बंद होणार होते, म्हणून एकेक धडा संग्रहात उतरवून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. पडद्यावर डावीकडे मूळ धडा, उजवीकडे त्याची प्रत. दोन्ही एकदम चालवायचे आणि डोळ्यांत तेल घालून ताडून बघायचे.

भूमितीचे धडे माझ्या ताईचे होते. ती जाऊन वर्ष झालं. इथे मात्र ती दोन्हीकडे एकदमच खडू उचलत होती, एकदमच खोकत होती.

"जुळलं ना? मग मूळ उडवा," आमचे साहेब मागून म्हणाले. त्यांना जागेपलीकडे काही दिसत नाही. "उगाच जागा अडलीय."

जिवावर आलं होतं, तरी मी बटण दाबलं. डावी चौकट काळी झाली.

उजवीकडची ताई त्रिकोण काढता काढता थांबली. तिने मान वळवून त्या काळ्या चौकटीकडे पाहिलं.

"साहेब, हे मघाशी नव्हतं."

"कॅमेरावाला उभा असेल तिथे. फार मनाला लावून घेता तुम्ही."

ते चहाला गेले. ताई अजून तिकडेच बघत होती. मग तिने खडू खाली ठेवला, माझ्याकडे तोंड केलं आणि घरात मारायची तशीच हाक मारली.

"ठमे, तिचं काय केलंस?"